बंद घर गणपतीला उघडलं आणि मेन टिकत नाही? शॉर्ट कुठे आहे ते असं शोधा, आणि इथे थांबा

मी चिपळूण-गुहागर पट्ट्यात घरांचं वायरिंग करतो. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात बहुतेक फोन एकाच गोष्टीचे असतात. मुंबई-पुण्याहून मंडळी गावी येतात, मे महिन्यात लावलेलं कुलूप उघडतात, मेन वर करतात आणि खटका लगेच खाली. त्या दिवसांत एकही वायरमन मोकळा नसतो, मूर्ती घरी यायची असते, त्यामुळे काहीतरी करून लाईट चालू करायची घाई होते आणि नेमक्या त्याच घाईत माणसं जिवावर बेतेल असं काहीतरी करून बसतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. फॉल्ट बहुतेक वेळा भिंतीच्या आत नसतो, तो कुठल्यातरी टोकाला असतो. पडवीतला होल्डर, गिझर, विहिरीवरचा पंप, ओल आलेला प्लग. तो कुठे आहे हे तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता शोधू शकता. दुरुस्ती हा वेगळा विषय, त्याचं खाली बोलू.

आधी लक्षणं

काय पडतं आणि कधी पडतं, हे दोनच प्रश्न स्वतःला विचारा.

– एमसीबी, म्हणजे डीबीतला (खटक्यांच्या पेटीतला) एकेका लाईनचा खटका, वर केली की त्याच क्षणी फट् आवाज होऊन खाली. हा खरा शॉर्ट, फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी वायर) कुठेतरी थेट टेकलेत.

– एमसीबी थोडा वेळ टिकते, दहा मिनिटं म्हणा, अर्धा तास म्हणा, आणि मग पडते. हा बहुतेक शॉर्ट नसतो, ओव्हरलोड (झेपेल त्याहून जास्त भार) असतो, नाहीतर त्या एमसीबीचाच स्क्रू ढिला होऊन ती तापलेली असते.

– छोट्या एमसीबी सगळ्या वर आहेत पण टेस्टचं बटण असलेली ती रुंद आरसीसीबी पडते. जुनी माणसं तिला ईएलसीबी म्हणतात. म्हणजे करंट कुठेतरी अर्थला, जमिनीकडे, गळतोय. पावसाळ्यात बंद असलेल्या घरात सगळ्यात जास्त हेच सापडतं.

– काहीच पडत नाही, पण दिवे फडफडतात, एखादा स्विच तपकिरी पडलाय, जळका वास येतोय. हे लूज कनेक्शन, आणि हे सगळ्यात फसवं, कारण लूज कनेक्शनमध्ये करंट वाढत नाही, नुसती त्या जागी उष्णता वाढते, त्यामुळे एमसीबीला काही कळतच नाही. आग इथून लागते.

– नळाला, फ्रीजच्या दाराला, भिंतीला हात लावला की झिणझिण्या. पुढचं वाचू नका, मेन पाडा आणि वायरमनला फोन करा.

– दिवे नेहमीपेक्षा खूप प्रखर, पंखे सुसाट. हा लाईनचा न्यूट्रल तुटल्याचा प्रकार असू शकतो, तेव्हा २३० व्होल्टच्या जागी घरात त्याहून खूप जास्त व्होल्टेज येतं. मेन पाडा आणि महावितरणला १९१२ वर कळवा, घरात शोधायला जाऊ नका.

हात लावायच्या आधी

डीबी ज्या भिंतीवर आहे ती ओली असेल, कौलातून किंवा स्लॅबमधून पाणी डीबीवर उतरलं असेल तर डीबीला हात लावायचा नाही, कोरड्या काठीने पण नाही. भिंत कोरडी असेल तर पायात रबरी चप्पल, हात कोरडे, आणि काम दिवसाउजेडी. अंगणातून भिजून आलात तर आधी अंग पुसा.

घरात इनव्हर्टर असेल तर तो पण बंद करा. हे लोक हमखास विसरतात. मेन पाडला तरी इनव्हर्टरवरचे पॉइंट जिवंतच असतात. छपरावर सोलर बसवलं असेल तर त्याचाही स्विच बंद करा.

आणि एमसीबी सारखी सारखी वर करू नका. एका तपासणीला एकदाच. खरा शॉर्ट असताना तुम्ही खटका वर करता तेव्हा त्या क्षणाला शेकडो अँपिअर करंट त्या वायरमधून जातो, आणि प्रत्येक वेळी एमसीबीचे आतले पॉइंट जळतात. काही जण खटका बोटाने दाबून धरतात, त्याचा काही उपयोग नाही, खटका वर धरला तरी एमसीबी आतून सुटते, तशी रचनाच असते तिची.

तपासण्या, सोप्यापासून

१. शेजारी लाईट आहे का ते बघा. तारांवर फांदी पडलेली असते, एखाद्या घराला लो व्होल्टेज असतं, आणि आपण उगाच आपलं घर उस्कटत बसतो. फुकटात होणारी तपासणी आहे.

२. डीबीचा फोटो काढा. नेमका कुठला खटका पडलाय, त्यावर किती आकडा आहे, हे नंतर वायरमनला फोनवर सांगता येतं. काही कंपन्यांच्या एमसीबीचा खटका पडल्यावर मधेच थांबतो, तो आधी पूर्ण खाली दाबून मगच वर जातो, त्यामुळे ‘वर होतच नाही’ म्हणणाऱ्यांनी हे आधी करून बघा.

३. घरातला प्रत्येक पिन सॉकेटमधून बाहेर काढा. नुसता स्विच बंद करून चालणार नाही, पिन बाहेरच आला पाहिजे. कारण स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल आणि अर्थ तसेच जोडलेले राहतात. उपकरणाच्या आत न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर स्विच बंद असताना सुद्धा आरसीसीबी पडू शकते. पिन काढताना मेन पाडलेला असू दे आणि सॉकेटच्या भोकांमध्ये टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशी बंद घरात सॉकेटच्या भोकात मातीचं घर करते, आणि पावसाळ्यात ती माती ओल धरते. बाहेरून बघितलं तर भोक नुसतं बुजल्यासारखं वाटतं. असा सॉकेट दिसला तर त्यात पिन घालू नका, काडीने उकरू नका, वायरमन प्लेट उघडून साफ करेल. बोर्डाच्या कडेने मुंग्यांची रांग आत जात असेल, खाली पालीची लेंडी दिसत असेल तर तो बोर्ड संशयित म्हणून लक्षात ठेवा. बोर्डात मेलेली पाल सापडणं हे आमच्याकडे नवीन नाही.

४. आता सगळ्या छोट्या एमसीबी खाली, सगळे स्विच बंद. फक्त मेन आणि आरसीसीबी वर करा. इथेच पडली तर फॉल्ट डीबीमध्ये नाहीतर न्यूट्रलमध्ये आहे, तुमचं काम थांबलं. टिकली तर एकेक एमसीबी वर करा, प्रत्येकीनंतर थोडं थांबा. जिच्यावर पडते ती लाईन सापडली.

बरेचदा इथे काहीच पडत नाही. पिन काढल्यावर सगळं टिकतं. म्हणजे वायरिंग बहुतेक ठीक आहे आणि दोषी एखादं उपकरण आहे, आणि ही सगळ्यात स्वस्तातली सुटका.

५. उपकरणं एकेक करून लावा. एक लावा, चालू करा, थोडा वेळ बघा, बंद करा, काढा, मग दुसरं. एकदम दोन नको. मी नेहमी या क्रमाने जातो: गिझर, पंप, फ्रीज, वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री, मग चार्जर आणि दिव्यांच्या माळा.

गिझर पहिला का, तर त्याची कॉइल. बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्याचे क्षार कॉइलवर थर धरतात, कॉइलचं बाहेरचं नळकांडं चिरतं, आत पाणी शिरतं आणि करंट पाण्यातून बॉडीला आणि बॉडीतून अर्थला जातो. गिझर चालू केल्याबरोबर आरसीसीबी पडते, बंद ठेवला तर सगळं छान. कॉइल बदलली की काम होतं. पण चालू करायच्या आधी गरम पाण्याच्या नळाला पाणी येतंय ना ते बघा, टाकी रिकामी असताना गिझर लावला तर चांगली कॉइल पण जळते. गिझर थेट वायरला जोडलेला असेल, पिन नसेल, तर त्याला तुम्ही हात लावू नका, फक्त त्याची वेगळी एमसीबी असेल तर ती खाली ठेवा.

पंपाचं तसंच. विहिरीवरच्या पंपाची मोटर तीन महिने दमट हवेत पडून असते, स्टार्टरच्या डब्यात पाणी आणि बेडूक दोन्ही सापडतात. पंपाचा स्टार्टर तुम्ही उघडायचा नाही. पंपाची एमसीबी वर केली की पडते एवढं कळलं तरी पुरे, आणि तोवर विहिरीवर पोरांना जाऊ देऊ नका.

फ्रीज मागून टॉर्च मारून बघा, उंदराने वायर कुरतडली असेल तर दिसते. इस्त्री आणि मिक्सर यांची वायर पिनपाशी आणि बॉडीत शिरते तिथे तुटते, सारखी वळून वळून. अशी वायर टेप गुंडाळून वापरू नका, वायर पूर्ण बदलायला फार खर्च येत नाही.

ओव्हरलोडचं लक्षण असेल तर हिशोब करा. गिझर २००० वॉट, इंडक्शन २००० वॉट, किटली १५०० वॉट, हे सगळं एकदम लावलं तर ५५०० भागिले २३०, म्हणजे जवळपास २४ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी हे काही वेळ सोसते आणि मग पडते, ते तिचं कामच आहे. घरात एरवी दोन माणसं असतात आणि गणपतीला वीस, त्यामुळे वर्षभर न पडलेली एमसीबी त्याच पाच दिवसांत पडते. उपाय फुकट आहे, एका वेळी एकच.

६. उपकरणांचा दोष नसेल तर घरातले पक्के पॉइंट. सगळे पिन बाहेरच ठेवून, पडणारी एमसीबी वर करा आणि दिव्या-पंख्यांचे स्विच एकेक चालू करा. एखादा स्विच दाबला की पडते? तो स्विच पुन्हा बंद करा, त्यावर टेपचा तुकडा चिकटवा, बाकी घर चालू शकतं. फॉल्ट त्या स्विचपासून पुढे, म्हणजे होल्डरमध्ये, ट्यूबमध्ये, पंख्यात किंवा तिथे जाणाऱ्या वायरमध्ये आहे.

आमच्याकडे पहिला संशय पडवीतला, गेटवरचा आणि न्हाणीघराबाहेरचा दिवा. होल्डर उघडा टांगलेला, वरून पागोळ्यांचं पाणी, आत बल्ब, आणि होल्डरच्या दोन पितळी पिनांमध्ये हिरवट-पांढरा गंज चढून त्याचाच एक पूल झालेला. असा होल्डर मी काढतो तेव्हा त्यातून थेंबभर पाणी गळतं. बदलायला अगदी कमी पैसे लागतात आणि त्याच्यापायी आख्ख्या घराचा लाईट जातो. बाहेरच्या जागेला झाकणवाला, पाणी न शिरणारा दिवाच लावून घ्या.

दुसरा संशय जांभ्याच्या भिंती. जांभा दगड सच्छिद्र, पाणी पितो. त्यात कन्सिल, म्हणजे भिंतीत गाडलेलं, वायरिंग असेल, पाइप नीट बंद केलेला नसेल तर पाणी पाइपमधून उतरून बोर्डात येतं. बोर्डाभोवतीचा रंग फुगलाय, ओलीचा डाग वरून खाली बोर्डाकडे आलाय, एवढं डोळ्यांनी दिसतं आणि तेवढंच बघायचं. उघडायचं नाही.

तिसरं, नुकताच मारलेला खिळा. मखर, तोरण, पडदा यासाठी भिंतीत खिळा किंवा ड्रिल मारला आणि त्यानंतर पडायला लागलं असेल तर तो खिळा उपटायला जाऊ नका, मेन पाडा आणि त्या जागेपासून लांब राहा. बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायर असते, तिथे खिळा कधीच मारू नये.

चिपळूणकरांसाठी एक वेगळं. २०२१ च्या जुलैच्या पुरात जे बोर्ड पाण्याखाली गेले होते, त्यांतले काही नुसते धुऊन वाळवून परत चालू केलेले मी अजून बघतो. स्विचच्या आत गाळ बसलेला असतो, उन्हाळ्यात तो कोरडा, काही त्रास नाही, पाऊस सुरू झाला की ओल धरतो आणि ट्रिप. ते स्विच, सॉकेट बदलायलाच हवेत, वाळवून उपयोग नाही.

७. फसवणारा फॉल्ट. आरसीसीबी पडते, पण कधी फ्रीज लावला की, कधी पंखा लावला की, कधी काहीच न करता. लोक फ्रीज दुरुस्तीला नेतात, फ्रीज चांगला निघतो, परत आणतात, परत पडते. इथे दोष फ्रीजचा नसतो, घरात कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेले असतात. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करते, घरात बसवतात ती ३० मिलीअँपिअरच्या फरकापर्यंत पडतेच. न्यूट्रल अर्थला टेकलेला असला की परत येणाऱ्या करंटचा काही भाग अर्थच्या वाटेने निघून जातो, मग लोड कुठलाही लावा, दोष त्याच्यावर येतो. घरात सगळं बंद असताना सुद्धा पडू शकते, कारण शेजाऱ्यांच्या लोडमुळे लाईनच्या न्यूट्रलवर थोडं व्होल्टेज असतंच. आणि एमसीबी पाडून ही लाईन सापडत नाही, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते, सगळ्या लाईनींचे न्यूट्रल डीबीत एका पट्टीवर एकत्रच असतात. त्यामुळे प्रत्येक वेळी वेगळ्याच गोष्टीवर पडत असेल तर शोधत बसू नका. वायरमनला फोनवर ‘न्यूट्रल-अर्थ तपासायचं आहे’ एवढंच सांगा, तो पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवून लाईन काढतो.

हे अजिबात करायचं नाही

एमसीबीवरचा अँपिअरचा आकडा वाढवायचा नाही. १६ ची पडते म्हणून ३२ ची एमसीबी लावली की पडायचं थांबतं, कारण आता आधी वायर जळेल. दिव्यांच्या लाईनला बहुधा दीड स्क्वेअर एमएमची वायर असते, एमसीबी त्या वायरला वाचवायला असते. जुन्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये जाड तार घालणं हा तोच प्रकार.

आरसीसीबी बायपास करायची नाही, म्हणजे तिला वगळून वायर थेट जोडायची नाही, ‘गणपतीपुरती’ पण नाही.

आणि गिझरची हिरवी, म्हणजे अर्थची, वायर तोडायची नाही. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण मी अशी तोडलेली, टोकाला टेप गुंडाळलेली हिरवी वायर न्हाणीघरात स्वतः बघितली आहे, आणि ती कोणीतरी ‘ट्रिप व्हायचं थांबवलं’ म्हणून पैसे घेऊन तोडलेली होती. अर्थ तोडला की गळणाऱ्या करंटला जायला वाट उरत नाही, आरसीसीबी शांत राहते, आणि गिझरची बॉडी, पाइप, पाणी सगळं करंट घेऊन बसतं. मग पहिली वाट ओल्या अंगाने नळ सोडणारा माणूस करून देतो. बायपास पण केलेला असेल तर वाचवायला काहीच उरत नाही. एमसीबी आहे ना, असं समजू नका. जांभ्याच्या कातळात अर्थिंग सहसा चांगलं मिळत नाही, समजा अर्थचा रेझिस्टन्स २० ओहम आहे, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट जाईल, १६ ची एमसीबी एवढ्याला पडणारच नाही. म्हणून आरसीसीबी लागते. नसेल तर बसवून घ्या, घराच्या खर्चात ती काहीच नाही.

कुठे थांबायचं

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ आली की थांबा. टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईन मेली असं धरून बोर्ड उघडू नका, टेस्टरची आतली नळी गेलेली असते, आणि तुटलेला न्यूट्रल तर टेस्टर दाखवतच नाही. जळका वास, काळा पडलेला बोर्ड, ओला डीबी, शॉक, मीटरपाशी ठिणगी, यांपैकी काहीही असेल तर तपासणी क्रमांक एक सुद्धा करू नका. मीटर आणि खांबावरून मीटरपर्यंत येणारं सगळं महावितरणचं, तिथे आम्हा वायरमन लोकांनीही हात घालायचा नसतो. आग दिसली तर पाणी ओतायचं नाही, जमलं तर मेन पाडायचा, बाहेर पडायचं, १०१ ला फोन.

वायरमन दोन दिवसांनी येणार असेल तर सापडलेली लाईन बंद ठेवा, तिच्या एमसीबीवर टेप लावा म्हणजे कोणी नकळत वर करणार नाही, आणि बाकीच्या घरावर गणपती करा. बंद खोलीसाठी शेजाऱ्यांकडून ओल्या अंगणातून एक्स्टेंशन ओढू नका. मखराच्या माळा चालू असलेल्या खोलीतल्या सॉकेटवर घ्या, आणि झोपताना काढून ठेवा.

वायरमन आला की

त्याला तुमची यादी द्या, कुठला खटका, कशावर, पाऊस असताना की नसताना. त्याचा निम्मा वेळ वाचतो. परवानाधारक ठेकेदाराचा माणूस असेल तर उत्तम. त्याच्याकडे मेगर आहे का विचारा. मेगर वायरमध्ये ५०० व्होल्ट डीसी सोडून इन्सुलेशन मोजतो, घरातल्या वायरिंगचं रीडिंग निदान १ मेगाओहम यायला पाहिजे. मोजायच्या आधी सगळी उपकरणं आणि एलईडी बल्ब काढायला लागतात, नाहीतर ते जातात. मोजणी भर पावसाळ्यातच करून घ्या, कारण उन्हाळ्यात चांगलं रीडिंग देणारी वायर भाद्रपदात १ च्या खाली आलेली असते, आणि मे महिन्यात बोलावलंत तर तो ‘सगळं ठीक आहे’ म्हणून जाईल, तेही खरंच असेल.

भिंतीतली वायर खराब निघाली तर तो मधल्या जंक्शन बॉक्सपाशी लाईन सोडून दोन भाग करेल, खराब भाग कुठला ते बघेल, त्याचे परत दोन भाग, असं करत जाईल. सापडलेल्या तुकड्याची वायर पाइपातून पूर्ण नवीन ओढून घ्या. पाइपच्या आत जॉइंट मारून, टेप लावून आत ढकलू देऊ नका, पुढच्या पावसात तोच जॉइंट परत बोलावतो. जॉइंट फक्त बॉक्समध्ये, जिथे उघडून बघता येतो.

काम संपल्यावर त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबा. तिने लगेच पडायला हवं. पडली नाही तर आरसीसीबीच मेलेली आहे, ती बदलून घेतल्याशिवाय त्याला सोडू नका.